‘इन द एअर टुनाइट’मध्ये कोणीही बुडालेलं नाही

ब्रिटिश गायक आणि ड्रमवादक फिल कॉलिन्सचा हा किस्सा व्हॉट्सॲपवर अधूनमधून उगवतोच. म्हणे, त्याच्या डोळ्यांदेखत एक माणूस बुडाला. कॉलिन्स लांब होता, काठावरचा दुसरा माणूस मात्र ढिम्म हलला नाही. पुढे कॉलिन्सने त्याला हुडकून काढलं, कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसवलं, तोंडावर प्रकाशझोत मारला आणि आपलं ‘इन द एअर टुनाइट’ हे गाणं ऐकवलं.

अंगावर काटा येतो, खरंय. पण किस्सा पहिल्याच कडव्यात फसतो. गाणारा म्हणतो, तू बुडतोयस असं सांगितलंस तरी मी हात देणार नाही. म्हणजे सगळी जर-तरची भाषा, आणि हात न देणारा खुद्द गाणारा! (मराठीत ‘बुडतोयस’ की ‘बुडतेयस’ हे ठरवावंच लागतं. इंग्रजीत लागत नाही, अफवेला तेवढी फट पुरली.)

मग एवढा राग कुणावर? कॉलिन्सचं पहिलं लग्न तेव्हा मोडलं होतं. घरी ड्रम मशीन लावून, सिंथेसायझरवर सूर धरून तो तोंडाला येईल ते गात गेला. बहुतेक शब्द आधी लिहिलेलेच नव्हते. गाण्याचा नेमका अर्थ आपल्यालाही सांगता येत नाही, पण त्यात घटस्फोटाचा संताप आहे, असं तो स्वतःच सांगत आलाय.

पहिल्या रांगेतल्या माणसाला गाव नाही, तारीख नाही, नाव नाही. २००० साली आलेल्या रॅपर एमिनेमच्या ‘स्टॅन’ या गाण्यातला माथेफिरू चाहता हाच किस्सा खरा मानून सांगतो. त्याला गाण्याचं नावही धड आठवत नाही, तरी साक्ष म्हणून लोक त्यालाच पुढे करतात.

राहिला तो गाण्यात उशिरा, अचानक कोसळणारा ड्रमचा दणका. झोत म्हणे तिथेच पडला. तो आवाज जन्मला लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, गायक पीटर गॅब्रिएलच्या अल्बमचं काम चालू असताना. वादकांचं बोलणं ऐकायला खोलीत टांगलेल्या माइकमधून कॉलिन्सचे ड्रम चेपून, फुगून आले. इंजिनिअर ह्यू पॅजम यांनी तो घुमारा मध्येच कापायची युक्ती काढली. १९८१ साली सिंगल, म्हणजे या सुट्या गाण्याची तबकडी, निघाली तेव्हा मात्र अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीच्या अहमत एर्तेगुन यांच्या सांगण्यावरून त्या दणक्याच्या आधीच जादा ड्रम भरले होते. आता त्या तबकडीवर झोत नेमका कुठल्या ठोक्याला मारायचा?