धवलारीण गात होती आणि लॅपटॉपने पुढचं गाणं लावलं

मी लग्नाहळदीत वाजवणारा डीजे. उरणजवळच्या एका हळदीत गेल्या मोसमात माझ्या हातून जे झालं, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पंगत बसली होती, फ्लोअर रिकामा. मीही दोन घास खाऊन घ्यावेत म्हणून आवाज कमी केला आणि सॉफ्टवेअर ऑटोवर टाकलं. हल्ली ही सोय आहे. चालू गाणं संपत आलं की एआय पुढचं गाणं निवडतं, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) आणि सूर जुळवतं, आपणच मिक्स करतं.

मी पानावर बसलो आणि इकडे मांडवात धवलारीण नवरीजवळ येऊन बसली. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी बाई. सत्तरीच्या पुढची, हाताशी माईक नाही, ठेका नाही, नुसता गळा. चार बायका तिच्यामागे ओळ झेलत होत्या. तेवढ्यात लॅपटॉपने पुढचं गाणं घेतलं. आवाज कमी असूनही बेस मांडवभर घुमला. मावशींचा सूर मधेच तुटला. मी खरकट्या हाताने धावलो, फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढला. त्या रागावल्या नाहीत. "बाला, आमचं होऊ दे ना," एवढंच म्हणाल्या आणि धवला पुन्हा पहिल्यापासून धरला.

नंतर स्क्रीन बघितली. दोन्ही गाण्यांचे बीपीएम जुळलेले, सूर जुळलेला, मिक्स इतका साफ की माझ्या हातूनही कदाचित झाला नसता. मशीनच्या हिशेबात काहीच चुकलं नव्हतं. कारण मांडवात कोण बसलंय हे त्याच्या हिशेबात धरलेलंच नाही. ते धरणं माझं काम होतं, आणि मी ते सोडून उठलो होतो.

मी एआयच्या विरोधात नाही. उलट स्टेम, म्हणजे गाण्यातला गायकाचा आवाज, ड्रम, बेस असे भाग, वेगळे करायची सोय आली तेव्हा मला झोप लागली नव्हती. नुसता गायकाचा आवाज हवा असेल तर आधी आम्ही इक्वलायझर पिळत बसायचो आणि हाती यायचा चाळणीतून गाळल्यासारखा आवाज. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने हे काम करणारं स्प्लीटर सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढच्याच वर्षी व्हर्च्युअल डीजे आणि डीजे प्रो ही डीजेंची सॉफ्टवेअर वाजत्या गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे करू लागले. २०२२ च्या अखेरीस सेराटो या तशाच सॉफ्टवेअरमध्येही ते आलं. आता हळदीत बँजो पार्टी असली की मी रेकॉर्डमधला ठेका काढून टाकतो, गायकाचा आवाज तेवढा ठेवतो आणि ढोलकी समोरच्या पोराला वाजवू देतो. पब्लिक वेडं होतं! पोरगा रंगात येऊन लय चढवतो, मी एक बोट पिचच्या, म्हणजे गाण्याचा वेग बदलायच्या, पट्टीवर ठेवून गायकाला त्याच्यामागे पळवतो. हे मला दहा वर्षांपूर्वी जमलंच नसतं.

पण आपली जुनी कोळीगीतं यात टाकून बघा. गाणं चार भागांत कापायला या मॉडेलना शिकवलेलं असतं: गायन, ड्रम, बेस आणि 'बाकी'. संशोधकांनी यासाठी भरपूर वापरलेला एक संच आहे, एमयूएसडीबी-१८. दीडशे गाणी, बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉक. त्यात ढोलकी कुठून असणार? ढोलकीचा धूम घसरत जातो, त्याला सूर असतो. मशीन त्यातला निम्मा ड्रममध्ये टाकतं, निम्मा बेसमध्ये. पेटी, सनई, बँजो सगळं 'बाकी'त. आमच्या गाण्याचा जीव ज्यात आहे, त्याचं नाव 'बाकी'.

ठेक्याचं तेच. कोळीगीताची चाल बहुतेक वेळा सहाची. सॉफ्टवेअर मोजतं चाराच्या चौकटीत, मग बीपीएम कधी दीडपट दाखवतं, कधी भलताच. त्यातून जुनं रेकॉर्डिंग माणसांनी वाजवलेलं, अंतऱ्याला थोडं चढणारं. स्क्रीनवरच्या ठेका दाखवणाऱ्या सरळ उभ्या रेघा दुसऱ्या कडव्यापर्यंत ढोलकीच्या थापेपासून बोटभर सरकलेल्या असतात. त्या मी घरी बसून एकेक ओढून जागेवर आणतो. एका गाण्याला कधी पाऊण तास जातो. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना मी हे आधी करायला लावतो, दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण नंतर.

हिप-हॉपची डीजेगिरी सुरू झाली ती कशी, हेही त्यांना सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्क नावाचा डीजे बहिणीच्या पार्टीत वाजवत होता. नाचणारे गाण्यातल्या नुसत्या ठेक्याच्या तुकड्याची वाट बघतात हे त्याने हेरलं होतं. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तुकडा त्याने लांबवला. हात नंतर चालले, आधी तो लोकांकडे बघत होता.

आणि यजमानांनो, "आता एआयच वाजवतं ना, मग पाच हजार कमी घ्या" हे म्हणू नका. तुमच्या आत्याबाई गुडघा दुखतोय म्हणून कडेला बसल्यात आणि एका विशिष्ट गाण्याला उठतील, हे ओळखायचे पैसे असतात ते.

आपल्या पट्ट्यातल्या स्टुडिओवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नवं कोळीगीत, हळदीचं गाणं रेकॉर्ड कराल तेव्हा ढोलकी, बँजो, संबळ यांचे ट्रॅक वेगवेगळे जपून ठेवा. उद्या कुणी मशीनला आपली ढोलकी शिकवायला निघालं, तर शिकवायला काहीतरी हातात हवं. मात्र वाजवणाऱ्याला विचारून, त्याचे पैसे देऊन.

त्या मावशींच्या घरी मी दिवाळीनंतर गेलो होतो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला, आणि विचारल्यावर पाच धवले रेकॉर्ड करू दिले. ते कुठल्याही मिक्समध्ये टाकणार नाही असा शब्द दिलाय. आता हळदीला माझ्या सेटअपमध्ये एक जास्तीचा माईक असतो, मांडवात नवरीच्या पाटाजवळ. धवला सुरू झाला की बाकीचे सगळे फेडर खाली.