खुलासा : सिलिंडर काढला म्हणजे एअर रायफल रिकामी होत नाही

‘10 मीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणजे ते खेळणंच. (दाबाच्या हवेचा) सिलिंडर काढला की धोका संपला,’ असा संदेश नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये फिरतो आहे. यातली परवान्याची गोष्ट अर्धी खरी आहे. 2016च्या शस्त्र नियमांनुसार सूट आहे ती 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिमीपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअरगनला. पण सूट म्हणजे खेळणं नव्हे. स्पर्धेतला अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने सुटतो. डोळा जायला तेवढं पुरे.

सिलिंडरचा दावा तर धोकादायकच आहे. बऱ्याच रायफलींत सिलिंडर काढल्यावरही रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग) आणि पुढच्या कप्प्यात दाबाची हवा उरते. नळीत छर्रा असला, तर तो सुटू शकतो.

खरी पद्धत अशी : नळी लक्ष्याकडेच, बोट ट्रिगरपासून लांब, छर्रा भरायची लिव्हर उघडायची, आत डोळ्यांनी पाहायचं. छर्रा आत बसला असेल, तर लिव्हर उघडून तो बाहेर येत नाही (नवशिके नेमके इथेच फसतात). प्रशिक्षकाला विचारून लक्ष्यावरच झाडावा लागतो. मग भडक रंगाची सुरक्षा-दोरी नळीतून आरपार घालायची, दोन्ही टोकं बाहेर दिसली पाहिजेत. दोरी अडली, तर आत काहीतरी आहे. प्रशिक्षकाने ‘रिकामी आहे’ हे ऐकून सोडू नये, स्वतः वाकून बघावं.

छर्रे शिशाचे असतात. डबा खाण्याआधी हात साबणाने धुवायला लावा.