दातात पू असताना दात काढता येत नाही?

‘दातात पू असेल तर आधी अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, मगच दात काढा, नाहीतर जंतू मेंदूत जातात,’ असा मेसेज फिरतोय. हे सरसकट खरं नाही. दाताची नस मेली की आतला रक्तपुरवठा थांबतो, मग गोळीचं औषध तिथवर पोचणार कसं? ठणका कमी होतो, दुखण्याचं मूळ तसंच राहतं. बहुतेकदा दात काढणं किंवा रूट कॅनल हाच खरा इलाज. पू असलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही, म्हणून डॉक्टर कधी थांबतात, कधी दूरच्या नसेला भूल देतात. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना मात्र आधी अँटिबायोटिक लागतं. ताप, गालावर पसरणारी सूज, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर कोर्स संपायची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.