‘कोरोना संपला, मास्क फेका’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

२०२२च्या गुढीपाडव्याच्या सकाळी गुढीला साडी नेसवून होते न होते तोच आमच्या इमारतीच्या ग्रुपवर तो मेसेज आला. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत तोच मजकूर मला माहेरच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आणि मुलाच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा मिळाला. मजकूर थोडक्यात असा: सरकारनंच निर्बंध उठवले, म्हणजे कोरोना संपला. सगळ्यांना होऊन गेलाय, आता अंगात प्रतिकारशक्ती आहे. मास्कमुळे ऑक्सिजन कमी होतो. लस घेऊनही होतोच, तेव्हा बूस्टर, म्हणजे लसीची तिसरी मात्रा, हा निव्वळ कंपन्यांचा धंदा. कोरोनाचा नवा प्रकार ओमिक्रॉन म्हणजे साधी सर्दी. आणि शेवटी, ‘ज्याला भीती वाटते त्यानं घरात बसावं, आम्हाला जगू द्या.’

आमच्या ग्रुपवर हा पाठवणारे काका भले गृहस्थ आहेत. २०२१च्या एप्रिलमध्ये इमारतीतली तीन घरं आजारी पडली, तेव्हा त्यांनी आणि काकूंनी दोन्ही वेळचे डबे दाराशी ठेवले होते. त्यामुळे हे भांडण नाही. पण मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतंय हे मी रोज घरात बघते, म्हणून लिहिते आहे.

पहिलं वाक्य, ‘निर्बंध उठले म्हणजे कोरोना संपला.’ २ एप्रिल २०२२पासून राज्यात उठले ते आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७चा साथरोग कायदा यांच्याखाली घातलेले निर्बंध. ते कशाच्या आधारावर कमी-जास्त होत होते ते आठवून पाहा. जून २०२१मध्ये राज्यानं पाच स्तर ठरवले तेव्हा निकष दोन होते: शंभर चाचण्यांत किती पॉझिटिव्ह येतात आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात. पुढे ऑगस्टमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की ऑक्सिजनची मागणी दिवसाला ७०० मेट्रिक टनांवर गेली, तर पुन्हा टाळेबंदी लावावी लागेल. म्हणजे सगळा हिशेब दवाखान्यांना भार पेलतोय की नाही याचा होता. एप्रिल २०२२मध्ये तो पेलत होता, खाटा रिकाम्या होत्या, म्हणून सक्ती गेली आणि दंडाची पावतीही गेली. ते योग्यच झालं. पण त्याच घोषणेत मास्क ऐच्छिक केला होता आणि तो वापरत राहा, लस घ्या, असं आवाहनही होतं. मेसेज लिहिणाऱ्यानं बातमीचा अर्धाच भाग उचलला.

‘संपला’ असं आपण याआधीही एकदा ठरवलं होतं. २०२१चा फेब्रुवारी आठवा. एक तारखेला लोकल ठरावीक वेळांत सगळ्यांसाठी सुरू झाली, हळदीकुंकवं झाली, लग्नांचे हॉल भरले. त्या महिन्याच्या सुरुवातीला राज्यात दिवसाला अडीच-तीन हजार रुग्ण सापडत होते आणि आकडा उतरतोय असंच सगळे म्हणत होते. मग अमरावती, अकोला, यवतमाळकडून बातम्या यायला लागल्या. आम्हा डोंबिवलीकरांना ते फार लांबचं वाटलं, मलाही वाटलं. २२ फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. मधे फक्त आठ आठवडे होते. त्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी किती फोन केले आणि कुणाकुणाच्या पाया पडलो, हे प्रत्येक घराला आपापलं ठाऊक आहे.

आज परिस्थिती तशी नाही, हेही तितकंच खरं. लसीकरण झालंय, आजाराशी आपली ओळख झालीय. पुन्हा तसंच होईल असा माझा दावा मुळीच नाही. आकडा कमी असतानाचे आठवडे आपण कसे वापरतो यावर पुढचं बरंच ठरतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरं, ‘सगळ्यांना होऊन गेलाय.’ याचं उत्तर मुंबईनंच देऊन ठेवलंय. जुलै २०२०च्या सर्वेक्षणात मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडली होती. त्यानंतर दुसरी लाट आली. सप्टेंबर २०२१मध्ये महापालिकेच्या पाचव्या सर्वेक्षणात हे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेलं. त्यानंतर चारच महिन्यांत, ७ जानेवारी २०२२ला, शहरात एका दिवसात २०,९७१ रुग्ण आढळले. विषाणू रूप बदलतो आणि कमावलेली प्रतिकारशक्तीही काळानं उतरते. ती असल्यामुळे जानेवारीत बहुतेकांचं घरच्या घरी निभावलं, हे मान्य. पण संसर्ग थांबला नाही, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो संसर्गच.

मास्क आणि ऑक्सिजनच्या दाव्यावर फार वेळ घालवायला नको. विषाणूचा आकार साधारण १०० नॅनोमीटर आणि ऑक्सिजनचा रेणू त्याहून साधारण तीनशे पट लहान. शिवाय विषाणू सुटा फिरत नाही, श्वासातून आणि बोलण्यातून उडणाऱ्या बारीक थेंबांत बसून येतो. मास्कच्या धाग्यांना अडकतात ते हे थेंब. हवा त्यांच्यामधून निघून जाते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि परिचारिका तासन्‌तास मास्क लावूनच उभे असतात. तरी खात्री हवी असेल, तर बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आता घरोघरी कपाटात पडलेला आहे. मी तो घेऊन बसले होते. मास्क लावायच्या आधी ९८ टक्के. मग मास्क लावून दीड तास कणीक मळली, पोळ्या लाटल्या, भांडी आवरली, आणि पुन्हा बोट घातलं तरी ९८. गरम होतं, चष्म्यावर वाफ येते, कानामागे काचतं, हे सगळं खरं. ज्यांचा फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क नकोच. बाकीच्यांचा ऑक्सिजन त्यानं कमी होत नाही.

लस आणि ‘साधी सर्दी’ हे दोन दावे एकत्रच घ्यायला हवेत, कारण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे. ओमिक्रॉन आपल्याला सौम्य गेला, तो बऱ्याच अंशी आपण लस घेऊन बसलो होतो म्हणून. लस नसलेल्या म्हाताऱ्यांना तोच ओमिक्रॉन कसा जातो ते हाँगकाँगनं २०२२च्या सुरुवातीला पाहिलं. दोन वर्षं त्या शहरानं साथ इतकी रोखून धरली की २०२१च्या अखेरपर्यंत तिथले एकूण मृत्यू जेमतेम दोनशेच्या घरात होते. त्यामुळे लसीची निकड कुणाला वाटली नाही आणि ऐंशीच्या पुढच्या बहुतेक वृद्धांनी वर्षअखेरपर्यंत ती घेतलीच नव्हती. मग हाच ‘सर्दी’वाला ओमिक्रॉन शिरला आणि मार्चअखेरपर्यंत सात हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात वृद्धच फार. शवागारांत जागा उरली नव्हती.

लस घेऊनही कोरोना होतो, बरोबर. मला जानेवारी २०२२मध्ये झाला. चार दिवस अंग मोडून आलं आणि पाचव्या दिवशी मी डब्याची भाजी चिरत होते. लसीकडून अपेक्षा होती ती हीच. धंद्याचं म्हणाल, तर साठीच्या पुढच्यांना तिसरी मात्रा तेव्हा सरकारी केंद्रावर फुकट होती, दुसऱ्या मात्रेला नऊ महिने झालेले असले की पुरे होतं. इतर प्रौढांना १० एप्रिल २०२२पासून खासगी केंद्रांत २२५ रुपये आणि वर जास्तीत जास्त दीडशे रुपये सेवाशुल्क होतं. ज्यांच्या घरी आईवडील साठीच्या पुढचे आहेत, त्यांनी मेसेज पुढे ढकलण्याआधी आईवडिलांच्या प्रमाणपत्रावरची दुसऱ्या मात्रेची तारीख बघायला हवी होती.

आता ते शेवटचं वाक्य. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

माझा धाकटा दीर अडतीस वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी त्याला त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपली एक किडनी दिली. शरीरानं ती परकी समजून नाकारू नये म्हणून त्याला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, घरात पाहुणे असोत की पूजा असो, त्याच्या मोबाइलचा गजर वाजतो आणि तो पाण्याचा पेला घ्यायला उठतो. या गोळ्यांमुळे लसीचा असरही अशा माणसांमध्ये कमी होतो. त्यानं मिळाल्या तेवढ्या सगळ्या मात्रा घेतल्या आहेत, तरी डॉक्टर म्हणतात, जपून राहा.

मेसेज म्हणतो, त्यानं घरात बसावं. दोन वर्षं तो बसलाच होता. आता त्याच्या ऑफिसनं सगळ्यांना परत बोलावलंय, घराचा हप्ता आहे, मुलगी पहिलीत गेलीय. रोज सकाळी तो एन-९५ लावून लोकलमध्ये शिरतो. परवा तो मला म्हणाला, ‘वहिनी, मी घाबरत नाही गं. शेजारचा खोकणारा माणूस तोंडावर रुमाल धरेल का, एवढंच बघत असतो.’

असा माणूस प्रत्येक डब्यात असतो. केमोथेरपी चाललेली बाई, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे आजोबा, संधिवातासाठी स्टिरॉइड घेणारी शिक्षिका. त्यांच्या अंगावर पाटी नसते. ‘घाबरट असेल’ म्हणून आपण ज्या मास्कवाल्याकडे बघतो, त्याच्या खिशात गोळ्यांची डबी असू शकते. आणि त्याचा मास्क एकट्यानं जेवढं करतो, त्याहून समोरच्यानंही लावला तर कितीतरी जास्त होतं, कारण थेंब निघतात तिथेच अडतात.

‘आम्हाला जगू द्या’ हे मला कळतं. टाळेबंदीत आमच्या गल्लीतली दोन दुकानं कायमची बंद झाली आणि माझ्या मुलाचं बाराखडीचं वर्ष मोबाइलच्या पडद्यावर गेलं. ते दिवस मलाही परत नकोत. काही गोष्टी आपण उगाचच केल्या, हेही कबूल करायला हवं. भाज्या साबणानं धुतल्या, पार्सलं दोन दिवस गॅलरीत ठेवली, मोकळ्या मैदानात एकटे चालताना मास्क लावला. ते सगळं सोडून द्यावं. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की बाहेरच्या खोलीतला माणूस ठसकतो, आणि खिडकी उघडली की दोन मिनिटांत हवा हलकी होते. कुठे सांभाळायचं आणि कुठे नाही, ते एवढ्यावरून ठरवता येतं. बंद खोली, गर्दी आणि बराच वेळ, हे तिन्ही जुळून आलं तर मास्क. लोकल, लिफ्ट, दवाखाना, एसी हॉल इथेही मास्क. अंगात कणकण असेल तर लग्न कितीही जवळचं असो, घरी थांबायचं. घरगुती चाचणीचं किट औषधाच्या दुकानात मिळतं, ते आणायचं. यात कुणाचं जगणं अडतं, मला सांगा.

मे महिन्यात आमच्या घरातलं लग्न आहे, कल्याणला, बंद एसी हॉलमध्ये. दीर म्हणाला होता, मी अक्षता पडल्या की निघतो, जेवायला थांबत नाही. परवा सासरे हॉल बघायला गेले तेव्हा मागचं दार उघडायला लावलं. तिथे चिकूच्या झाडाखाली पंचवीस-तीस पानं बसतील एवढं अंगण निघालं. केटररचा माणूस म्हणाला, वरून कापड लावून देतो, एक पंगत इथेच वाढू. बरोबर काकाही गेले होते. पहिलं पान आपल्या शेजारी दिराचं धरा, असं काकाच केटररच्या माणसाला म्हणाले.