खुलासा : स्टिअरिंगच्या केबलमध्ये तेल सोडू नका

गंगापूर धरणाच्या पाण्यात बोटी चालवणाऱ्या आपल्या नाशिकच्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: जुन्या मोटरबोटीचं स्टिअरिंग जड झालं, तर चाकापासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये तेल सोडा, मोकळं होईल. हे चुकीचं आहे. केबल कारखान्यातूनच आतून ग्रीस भरून बंद केलेली असते. वरून ओतलेलं तेल गंजलेल्या तारेला बरं करत नाही.

आधी दोष कुठे आहे ते बघा. केबलला आउटबोर्ड इंजिनाशी (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाशी) जोडणारा दांडा सोडवा आणि इंजिन हातानं डावी-उजवीकडे फिरवा. तेच जड असेल तर त्याच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून) मरीन ग्रीस, म्हणजे पाण्यात न धुपणारं ग्रीस भरा. इंजिन हलकं आणि चाक जड, तर दोष केबलमध्ये नाहीतर टिल्ट ट्यूबमध्ये, म्हणजे इंजिनाजवळच्या ज्या नळीतून केबलचं टोक सरकतं तिच्यात. बहुतेकदा ट्यूबच! माझ्या बोटीच्या ट्यूबमधून काळं, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस निघालं. ते खरवडून ट्यूब पुसली, नवं लावलं, चाक एका हातानं फिरू लागलं. ट्यूबमधून बाहेर काढूनही केबल अडकत असेल तर मात्र ती बदलाच. चाकाला जोर लावून बोट पाण्यात नेऊ नका, आत माणसं बसलेली असतात.