फाइल कोणाच्या टेबलावर जाते?

सरन्यायाधीश असताना गवईसाहेबांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही असं सांगितलं, तेव्हापासून तिकडच्या आपल्या मंडळींचं एकच पालुपद चालू आहे: न्यायाधीशाने खुर्ची सोडली की गप्प बसावं, राजकारणाचं नावही काढू नये. जून २०२५मध्ये इंग्लंडमध्ये ते म्हणाले होते की निवृत्त होताच सरकारी नेमणूक घेणं किंवा राजीनामा देऊन निवडणूक लढवणं यातून नैतिक प्रश्न उभे राहतात. ते मला मान्य आहे. त्यावरून काढलेला हा ‘गप्प बसा’चा नियम मात्र मला पटत नाही, आणि इथे स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात राहून तर मुळीच नाही.

इथल्या याना दुबोव्त्सोव्हा आधी न्यायाधीश होत्या. २०१०मध्ये त्या एसडीकेयू पक्षाकडून खासदार झाल्या आणि २०१२ ते २०१७ या काळात लोकांच्या हक्कांच्या रक्षक, म्हणजे इथल्या लोकपाल. आपल्याकडचा नियम लावला तर बाई दोषी ठरतात. पण त्याआधी बान्स्का बिस्त्रित्साच्या जिल्हा न्यायालयात त्यांनी काय केलं ते बघा.

तिथे त्या न्यायालयाच्या प्रमुख होत्या आणि प्रकरणांचं वाटप संगणकावर आणण्याचा पथदर्शी प्रयोग त्यांच्या न्यायालयात झाला. दावा आवक खिडकीवर येतो, शिक्का बसतो, प्रकार नोंदला जातो. मग त्या प्रकारची कामं बघणाऱ्या न्यायाधीशांतून संगणक चिठ्ठी टाकल्यासारखा एक जण निवडतो. आधी हे वाटप प्रमुखाच्या हातात असायचं, म्हणजे कोणती फाइल कोणाकडे जाणार हे एका माणसाला ठरवता यायचं. दुबोव्त्सोव्हांनी तो अधिकार स्वतः प्रमुख असताना सोडून दिला. पुढे २००४च्या न्यायालय कायद्याने ही पद्धत देशभर बंधनकारक केली.

यातही पळवाट आहे. चिठ्ठ्या कोणाच्या नावाच्या टाकायच्या, हे दरवर्षीच्या कामवाटपाच्या तक्त्यावर ठरतं. कोणी आजारी पडलं, कोणाची बदली झाली, की तक्ता मध्येच बदलतो. एखाद्या प्रकारासाठी एकच न्यायाधीश उरला तर संगणक त्याचंच नाव काढणार. म्हणून इथले जाणते लोक निकालाआधी तक्त्यातली दुरुस्ती वाचतात.

आपल्याकडे १२ जानेवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाचे चार न्यायमूर्ती पत्रकारांसमोर बसले, ते याच वाटपाच्या तक्रारीवरून. सरन्यायाधीशच वाटपाचे मालक, हे न्यायालयाने त्याच वर्षी पुन्हा ठणकावलं. निवृत्तीनंतरच्या खुर्चीवर तावातावाने बोलणारे या वाटपावर एक शब्द बोलत नाहीत, याची मला खरी चीड येते.

गप्प बसण्याबद्दल म्हणाल तर २००९मध्ये इथे १०५ न्यायाधीशांनी पदावर असतानाच ‘पाच वाक्यं’ नावाचं पत्रक काढलं. शिस्तभंगाच्या कारवाया वापरून सहकाऱ्यांना दाबलं जातंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

लोकपाल म्हणून दुबोव्त्सोव्हांनी सरकारशी उभा दावा मांडला. १९ जून २०१३ला मोल्दावा नाद बोद्वोउ या गावात रोमा या अल्पसंख्य समाजाच्या वस्तीत पोलीस घुसले आणि लोकांना मारहाण झाली. त्यांनी चौकशी करून हक्कांचा भंग झाल्याचं लिहिलं आणि विशेष अहवाल मंत्रिमंडळापुढे नेला. मंत्रिमंडळाने त्यांना बोलू दिलं नाही. उलट पुढे तक्रारदार रोमांवरच, खोटे आरोप केले म्हणून, गुन्हे दाखल झाले. २०२०मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हाकियाला दोषी ठरवलं, २०२१मध्ये सरकारने माफी मागितली. आठ वर्षं लागली, तेव्हा इथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही.

पण खटपट करण्याची वाट तरी कागदावर स्पष्ट आहे. तक्रार फुकट, आणि घटनेनंतर तीन वर्षांपर्यंत घेतली जाते. आपला मानवी हक्क आयोग एका वर्षानंतरची घेत नाही. लोकपालांनी भंग ठरवला की संबंधित कार्यालयाने वीस दिवसांत उत्तर द्यायचं. उत्तर पटलं नाही तर त्याच्या वरचं कार्यालय, मग सरकार, मग संसद. लोकपाल दंड करू शकत नाहीत. प्रकरण वर नेत राहणं आणि जाहीरपणे बोलणं, हीच त्यांची मुख्य ताकद. अशा जागेवर गप्प बसायची सवय असलेला न्यायाधीश काय कामाचा?

आपल्याकडेही असे होते. सासवडचे तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. १९६९मध्ये पद सोडून ते दिल्लीत वकिली करू लागले, जयप्रकाशांबरोबर नागरी हक्कांच्या चळवळीत उतरले आणि आणीबाणीला विरोध केला. ते सत्तेच्या विरोधात गेले. राज्यपालपद घेणारे सत्तेकडे जातात. या दोघांना एकाच तागडीत घालणारा नियम मला नको आहे.

‘तू तिकडे बसून कशाला बोलतोस’, हा प्रश्न ठरलेला. कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर पेत्रझाल्का या माझ्या उपनगराचा स्तारोस्ता, म्हणजे नगरप्रमुख, निवडायला मला मत आहे, संसदेसाठी नाही. पुण्यात मत आहे, पण ते द्यायला तिथे जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. दोन्हीकडे अर्धाच आहे मी, आणि भांडतो मात्र तिकडच्यासाठीच. इथल्या लोकपालांच्या कायद्यात एक कलम आहे: माणसाने आपल्या मातृभाषेत बोलावं, दुभाष्याचा खर्च सरकार देईल. कोणती मातृभाषा, याची यादी तिथे नाही. म्हणजे मराठीही चालेल.