मालक, काच काळी करायला येताना

एप्रिल लागला, पारा बेचाळिसाच्या पुढं सरकला, स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो. म्हणजे आता तुम्ही दुकानात येणार. तर मालक, येताना थोडी तयारी करून या. परवा एका गिऱ्हाइकाच्या काचेवर आम्ही लावलेली काळी फिल्म पोलिसांनी भर चौकात सोलून काढली, आणि तासाभरात ते हिशेब घेऊन हजर: दंडाचे पाचशे, फिल्मचे पूर्ण पैसे, वर मनस्ताप वेगळा. अशी तयारी पाहिजे.

सगळ्यात आधी, नंबर उलटा समजून घ्या. फिल्मवरचा सत्तर म्हणजे सत्तर टक्के काळी, असं धरून चाला. सत्तर टक्के उजेड आत येतो, हा आमचा धंद्यातला खोडसाळपणा आहे. म्हणून ‘सत्तर लई डार्क होतंय, तीसची द्या’ असं ठणकावून सांगा. आम्ही तीसची लावली की ‘अरे वा, आता कशी गाडी वाटतीय’ म्हणा आणि निघा.

फिल्म बसत असताना उकडतंय म्हणून पंखा लावायला लावा. ओल्या गोंदावर सोलापूरची धूळ बसली की काचेत बारीक पुरळ उठतं, ते आमच्या नावावर.

लग्नाला निघायच्या तासभर आधीच गाडी आणा.

गाडी बाहेर काढली की चारही काचा खटाखट खाली घ्या. फिल्म बसवताना खाली मारलेलं शांपूचं पाणी सुकायला तीन-चार दिवस लागतात, तोवर फिल्मची वरची कड रबरात अडकून सुटते, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. सगळ्यांना सांगतो म्हणजे खोटंच असणार.

पुढच्या काचेला धातूचा थर असलेली चकचकीत फिल्म लावून घ्या आणि फास्टॅग तिच्यावरच चिकटवा, म्हणजे धातूमुळं तो वाचलाच जाणार नाही. सावळेश्वरच्या टोलनाक्यावर मागं रांग लागली की हॉर्नच्या तालावर गाडी मागं-पुढं करत बसा.

आता मुख्य गोष्ट. काच कंपनीतून कशी आली आहे, याकडे बिलकूल बघू नका. हल्लीच्या बहुतेक गाड्यांची काच हिरवट असते. तो रंग वरून लावलेला नसतो, काच ओततानाच लोहाचा अंश ठेवलेला असतो, उष्णता शोषायला. म्हणजे गाडी शोरूममधून निघते तेव्हाच काचेनं थोडा उजेड खाल्लेला असतो. साधारण ७५ टक्के आत येतो असं धरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० म्हणतो, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आला पाहिजे. काचेतून, बरं का. फिल्मच्या डब्यावर काय छापलंय ते नियमाला विचारायचंच नाही. आणि आकडे वजा होत नाहीत, गुणले जातात. ७५ च्या काचेवर ७० ची फिल्म लावली की उरतात साडेबावन्न: बाजूच्या काचेला जेमतेम पास. ५० ची लावली की साडेसदतीस: नापास. तुम्हाला आवडते ती २० ची लावली की उरतात पंधरा. पुढच्या काचेवर तर ९० ची लावली तरी साडेसदुसष्ट, तीही नापास. सहावीतल्या पोराला हा गुणाकार येतो. पस्तीस लाखांची गाडी घेणाऱ्याला येत नाही, कारण शोरूममधल्या माणसानं त्याला सांगितलेलं असतं, ‘सर, पन्नासची फिल्म कायद्यात बसते.’ काय बसते? नुसती फिल्म चौकटीत धरून गाडी चालवणार आहात काय? काच काढून ठेवणार आहात काय? डिलिव्हरीच्या दिवशी पेढ्याच्या बॉक्सबरोबर ‘ॲक्सेसरी पॅक’ गळ्यात मारायचा, त्यात कसलीतरी फिल्म लावून द्यायची, आणि पहिलं चलन आलं की ‘आमच्याकडं तसं काही लिहून दिलेलं नाही.’ ती काढायला गाडी आमच्याकडं. गोंद आमच्या नखात. वर विचारणार, ‘नुसती काढायला एवढे पैसे?’

असो. रागावायचं नाही असं ठरवलं होतं.

शेजाऱ्याच्या गाडीला कंपनीतूनच काळी काच आलीय, हे मोबाईलवर व्हिडिओ दाखवून सिद्ध करा. व्हिडिओ अमेरिकेतला असला तरी चालेल. तिकडं एसयूव्हीच्या मागच्या बाजूच्या काचा कारखान्यातूनच गडद येतात, त्यांच्या नियमात ते बसतं. आपल्याकडं कारखान्यालाही तेच सत्तर आणि पन्नास. शेजाऱ्याची काच काळी दिसते कारण गाडीच्या आत सगळं काळं आहे. पण हे ऐकून घेतलं तर वादात मजा राहत नाही.

कायद्याची माहिती अर्धीच ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ ला काचेवर कुठलीच काळी फिल्म नको म्हटलं, कितीही उजेड येवो. दंडाबरोबर फिल्म जागेवर काढायलाही सांगितलं. पुढं नियम १०० बदलला, १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला (आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात धरतात), आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं म्हटलं की सत्तर-पन्नास पाळणाऱ्या फिल्मवर दंड लावता येणार नाही. या तिन्हींतलं तुम्हाला हवं तेवढंच मोबाईलमध्ये ठेवा आणि चौकात हवालदाराला वाचून दाखवा. ते म्हणतील, ‘केरळला जावा मग.’ चुकीचं काही म्हणत नाहीत, तो निकाल आपल्याकडं बंधनकारक नाही.

काचेतून किती उजेड येतो ते मोजायचं मीटर मागू नका. दोन डब्या असतात, एक काचेच्या आत, एक बाहेर, चुंबकानं चिकटतात, आकडा दिसतो. काच पुसून कोरडी केली की मिनिटभराचं काम. पण चौकात डोळ्यानं मोजायची पद्धत आहे, तिचा मान राखा. साडेबावन्न आणि पंधरा, दोन्ही ‘काळीच’. मोटार वाहन कायद्याचं कलम १७७, पहिल्यांदा पाचशे, पुन्हा दीड हजार.

आणि फिल्म सोलायची वेळ आली की मागच्या काचेवर ब्लेड आडवं-उभं कसंही ओढू द्या. आतल्या बाजूनं ज्या बारीक तांबूस रेघा दिसतात त्या डिफॉगरच्या. एक रेघ तुटली की तेवढ्या पट्ट्यातली वाफ पावसाळ्यात जात नाही. नीट काढायची तर आधी वाफ किंवा हीट गन, मग कोपऱ्यातून सावकाश, रेघांच्या दिशेनं ओढत, उरलेला गोंद साबणपाण्यानं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं. धारदार ब्लेड नाहीच. दीड-दोन तास जातात. चौकात तेवढा वेळ कुणाला आहे?

काच काळी नको असेल आणि उष्णता कमी हवी असेल, तर सत्तरची सिरॅमिक फिल्म असते. डोळ्याला दिसणारा उजेड येऊ देते, न दिसणारी उष्णता बरीचशी अडवते. बाजूच्या काचेला लावून द्या, चार वेळा विचारतील, ‘लावली का नाही ओ?’ दिसत नाही त्याचे एवढे पैसे द्यायचे म्हणजे जीव जातो. खरी गंमत इथं आहे. कंपनीच्या काचा जशा गडद होत चालल्या तशी आमच्या फिल्मला जागा उरली ती फक्त अशी, न दिसणारी. आणि गिऱ्हाइकाला पाहिजे दिसणारी.

बास झालं. आता सरळच बोलतो.

तुम्हाला गारवा नकोच आहे. गारवा हवा असता तर सिरॅमिक घेतली असती. तुम्हाला आत कोण बसलंय हे दिसू नये, आणि गाडी बघून लोकांनी बाजूला व्हावं एवढंच पाहिजे. झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या माणसांनासुद्धा सरकारी समितीनं परवानगी दिल्याशिवाय काळी काच मिळत नाही, आणि तुम्ही प्रभागाच्या अध्यक्षाचे मेहुणे म्हणून ‘आमच्या गाडीला कोण हात लावतंय’ म्हणता. हात लागला की मग दुकानदार चोर.

आमच्यातले काही चोर आहेतच. ‘शासनमान्य’ असा स्टिकर लावून २० ची विकतात. असली शासनमान्य फिल्म कुठंही नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे. त्यांच्यामुळं नीट काम करणाऱ्याचंही दुकान बदनाम होतं. वाहतूक शाखेनंही दंड खुशाल करावा, पण मोजून करावा. मोजायचं नसेल तर नियमात आकडे लिहिले कशाला?

मीटर आमच्या दुकानात आहे. आधी मोकळी काच मोजून घ्या, मग फिल्मसकट मोजून घ्या, दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. पुढच्या काचेला काही लावू नका. बाजूला पन्नासच्या खाली आकडा जाणारी फिल्म आम्ही लावणार नाही, कुणाचाही फोन आला तरी. पन्नासच्या वर आकडा राहिला तरी चौकात कुणी अडवलं तर भांडायची तयारी तुमची, हे आधीच सांगतो. आणि विसाचीच पाहिजे असेल तर कृपा करून दुसरं दुकान बघा.